मे २०१८ ची एक नोंद फोनवर दिसायला हवी होती: डॅव्हएक्स-फाइव्ह ॲपचा अनुभव

अनारशांच्या ऑर्डरी सुरू झाल्या की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, मागच्या वेळी किती केले होते? आणि मागच्या वेळी म्हणजे गेल्या वर्षी नाही हं, मागच्या अधिक महिन्यात. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं असतं आणि पेठांमधे ही पद्धत अजून घट्ट आहे पण घरी करणाऱ्या कमी झाल्यात, त्यामुळे एप्रिलपासूनच फोन यायला लागतात. आई सदाशिव पेठेत राहते, वीसेक वर्षं घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, मी सिंहगड रोडला असते आणि तिचा हिशोब, पार्सलं, फोन-बिन सगळं बघते.

आता अधिक महिना येतो साधारण पावणेतीन वर्षांनी आणि दर वेळी वेगळ्या ऋतूत. २०२३ ला अधिक श्रावण होता, भर पावसात. २०२० ला अधिक आश्विन. या दोन्ही वेळच्या नोंदी मे महिन्यात कामाच्या नाहीत, कारण पुण्याच्या मे मधल्या उन्हात अनारशाचं पीठ फार लवकर आंबतं आणि मग अनारसा तुपात सोडला की हसतो, म्हणजे जाळी पडायच्या ऐवजी विरघळून पसरतोच, ज्यांनी केलेत त्यांना माहितीये तो क्षण काय असतो. उन्हाळ्यातला शेवटचा अधिक महिना होता २०१८ चा, तोही ज्येष्ठच, १६ मे ते १३ जून. त्या वर्षी आईचा पहिला घाणा हसला होता, मग तिने काहीतरी करून ते सावरलं आणि काय केलं ते लिहून ठेवलं. फोनच्या कॅलेंडरमधे. आणि ती नोंद आम्हाला दिसत नव्हती.

आई आधी सगळं कालनिर्णयवर लिहायची, तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात, गॅस कधी लागला, दूध किती, भाजणी किती किलो. वर्ष संपलं की ते कालनिर्णय रद्दीत जायचं आणि त्याबरोबर सगळं जायचं. २०१६ ला दादाने अमेरिकेतून तिला आयफोन पाठवला आणि मी तिला त्यातलं कॅलेंडर शिकवलं, मराठी कीबोर्ड लावून दिला, आणि ती जी लिहायला लागली ती थांबलीच नाही. रोज रात्री जेवणं झाली की पाच मिनिटं. दहा वर्षांचं लिखाण आहे ते. घरात कुणाचं एवढं नीट लिहिलेलं काहीच नाही.

यंदा मार्चमधे तो फोन फारच दमला, बॅटरी तासाभरात संपायची, म्हणून नवा अँड्रॉइड घेतला. ज्या दुकानातून घेतला तिथल्या मुलाने फोटो, कॉन्टॅक्ट्स, व्हॉट्सअॅप सगळं आणून दिलं, मनापासून केलं त्याने, पण कॅलेंडर उघडलं तर रिकामं. विचारलं तर म्हणाला काकू, जुने इव्हेंट फोन आपोआप डिलीट करतो, ते आता मिळणार नाहीत. आई काही बोलली नाही, पण घरी येईपर्यंत गप्पच होती. हे वाक्य तिथे इतक्या सहज बोललं गेलं याचा मला अजून राग आहे, कारण ते खरं नाहीये, आणि किती जणांनी ते ऐकून आपलं जुनं सगळं सोडून दिलं असेल.

तर हे आधी सांगते. कॅलेंडरमधली नोंद बहुतेक वेळा फोनमधे राहत नाही, ती अकाउंटच्या सर्व्हरवर, म्हणजे त्या कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर राहते, आणि फोन तिची एक प्रत आणून दाखवतो. ती प्रत किती मागपर्यंतची आणायची हे कुठल्या तरी सेटिंगमधे ठरलेलं असतं, जागा आणि डेटा वाचावा म्हणून. त्यामुळे जुनं दिसत नाही याचा अर्थ गेलं असा नाही. सगळ्यात आधी कॉम्प्युटरवर अकाउंट उघडून बघायचं. मी आईच्या ॲपल अकाउंटने आयक्लाउडची साइट उघडली, कॅलेंडरवर क्लिक केलं आणि मागे मागे गेले, २०२३, २०२०, २०१८, सगळं जागेवर. आईला खुर्ची ओढून शेजारी बसवलं आणि दाखवलं, ती चष्मा लावून एकेक चौकट वाचत बसली.

पण लॅपटॉप माझा, तो सिंहगड रोडला, आणि आईला नोंद हवी असते ओट्यापाशी, एका हाताला पीठ लागलेलं असताना. फोनवरच पाहिजे होतं. अँड्रॉइडमधे गूगलचं अकाउंट सरळ जोडता येतं, आयक्लाउडचं कॅलेंडर मात्र तसं सरळ येत नाही, मधे एक पूल लागतो. तो पूल म्हणजे हे डॅव्हएक्स-फाइव्ह.

हे ॲप ऑस्ट्रियातल्या एका छोट्या कंपनीने केलंय, ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो, आधी त्याचं नाव डॅव्हड्रॉइड होतं. प्ले स्टोअरवर विकत आहे आणि एफ-ड्रॉइड नावाच्या, ओपन सोर्स ॲपांच्या दुकानात तेच फुकट मिळतं. मी विकत घेतलं, एकदाच पैसे द्यायचे, जाहिराती नाहीत. एक गोष्ट आधीच समजून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही, हे स्वतः कॅलेंडर नाहीये. याच्यात महिना-बिहिना काही दिसत नाही. हे फक्त सर्व्हरवरच्या नोंदी आणून फोनच्या कॅलेंडरच्या साठ्यात ठेवतं, मग तुम्ही त्या कुठल्याही कॅलेंडर ॲपमधे बघा. कॅल्डॅव्ह नावाची एक ठरलेली पद्धत आहे, २००७ पासूनची, सर्व्हरने आणि फोनने कॅलेंडरबद्दल एकमेकांशी कसं बोलायचं त्याची, ती आयक्लाउडलाही कळते आणि या ॲपलाही, म्हणून हे जमतं.

जोडताना एका जागी आम्ही अडलो. ॲपलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. ॲपलच्या अकाउंटच्या साइटवर जाऊन साइन-इन आणि सिक्युरिटीखाली फक्त या ॲपसाठीचा वेगळा पासवर्ड बनवून घ्यावा लागतो, चार-चार अक्षरांचे चार गट असतात त्याचे, तो इथे टाकायचा. आणि त्या साइटवर शिरताना जो सहा आकडी कोड येतो तो आला जुन्या आयफोनवर! तो फोन आईने कपाटात ठेवला होता, एक्सचेंजला दिला नव्हता, म्हणून वाचलो. कृपा करून एवढं लक्षात ठेवा, नवीन फोनवर सगळं आलंय याची खात्री होईपर्यंत जुना फोन देऊ नका, एक्सचेंजमधे दोन-तीन हजार मिळणार असतील तरी थांबा. कॉन्टॅक्ट्स आणि फोटो आले म्हणजे सगळं आलं असं नसतं.

मग ॲपमधे यूआरएल आणि युजरनेमने लॉगिन निवडलं, पत्ता कॅल्डॅव्ह डॉट आयक्लाउड डॉट कॉम, ईमेल आणि तो सोळा अक्षरी पासवर्ड. आईची कॅलेंडरं समोर आली, घर, फराळ, आणि एक दादाने कधीतरी शेअर केलेलं. हव्या त्या कॅलेंडरांवर टिक केली, सिंक दाबलं, म्हणजे सर्व्हर आणि फोन यांच्यातल्या नोंदी जुळवून घ्यायला सांगितलं. बघायला एटार नावाचं फुकट कॅलेंडर टाकलं, साधं आहे, अक्षरं स्वच्छ दिसतात.

आणि तिथे परत धस्स झालं. नोंदी आल्या, पण जानेवारीच्या शेवटापासूनच्या. डिसेंबर कोरा. २०२५ ची दिवाळी कोरी.

आई म्हणाली, अगं बघ, तो मुलगा म्हणत होता तेच झालं. पण मी मागे जात राहिले आणि मे २०१८ मधे मला एक चौकट भरलेली दिसली, मावशीचा वाढदिवस. ऑगस्टमधे माझ्या मुलाचा. नोव्हेंबरात आजीचा. म्हणजे वाढदिवस आठ वर्षं मागेपर्यंत दिसतायत आणि आईने लिहिलेलं एकही अक्षर दिसत नाही. हे विचित्र वाटलं, आणि यातच उत्तर होतं. वाढदिवस ही दरवर्षी परत येणारी नोंद असते, सर्व्हरवर ती एकच असते आणि तिच्या पोटात 'दरवर्षी' असा नियम असतो, ती यंदाच्या तारखेमुळे खाली उतरली की फोन तिच्यावरून मागची-पुढची सगळी वर्षं स्वतः मांडतो. एकदाच घडलेली नोंद मात्र तिच्या तारखेवरच असते, ती तारीख किती मागपर्यंतचं आणायचं या मर्यादेच्या, म्हणजे खिडकीच्या बाहेर असली की येतच नाही. म्हणजे कुठेतरी एक खिडकी ठरलेली होती. तुमच्या फोनवरही जुन्या वर्षांत फक्त वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस दिसत असतील तर नव्याण्णव टक्के हेच कारण आहे.

सेटिंग सापडायला पाच मिनिटं लागली. डॅव्हएक्स-फाइव्हमधे अकाउंट उघडा, त्याच्या सेटिंग्जमधे कॅल्डॅव्हच्या भागात पास्ट इव्हेंट टाइम लिमिट म्हणून आहे. तिथे ९० असा आकडा असतो, म्हणजे ९० दिवसांपेक्षा जुने इव्हेंट आणायचे नाहीत. आणि खालीच लिहिलंय की चौकट रिकामी सोडली तर सगळे इव्हेंट सिंक होतील. ऑफिसवाल्या माणसाला हे बरोबरही आहे, त्याला तीन महिन्यांपूर्वीच्या मीटिंगांचं काय करायचंय, फोन हलका राहतो. आपल्याला काय हवंय ते आपण सांगायचं. मी ९० खोडलं, चौकट रिकामी ठेवली, ओके केलं, सिंक दाबलं. शून्य लिहू नका हं, शून्य म्हणजे जुनं काहीच नको असा अर्थ होतो, रिकामी ठेवायची.

तीन-चार मिनिटं गेली असतील. आई फोन हातात धरून बसली होती. एटारमधे मे २०१८ उघडलेलाच होता आणि एकेक चौकट भरत गेली, जसं संध्याकाळी समोरच्या वाड्यात एकेक दिवा लागतो तसं. मावशीच्या वाढदिवसाच्या आधी, नंतर, सगळीकडे.

ती नोंद अशी होती, जशीच्या तशी लिहिते. ७ मे, 'जुना तांदूळ ४ किलो भिजवला, रोज पाणी बदलणे.' १० मे, 'उपसून पंच्यावर सावलीत पसरला. दळून, चाळून गूळ पाऊण पट.' मग १६ मे, 'पहिला घाणा हसला. पीठ सहा दिवस बाहेर होतं, फार आंबलं, सैल झालं. वाटीभर कोरडी तांदळाची पिठी मळली, तास ठेवलं, मग जमले. मे मधे पीठ २ दिवसच बाहेर, मग फ्रीज. तूप मंद.' आणि त्याखाली, 'एकूण ११ वाणं.'

आईने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, वाटीभर नाही, छोटी वाटी होती ती, आणि लगेच नोंदीत 'छोटी' हा शब्द घातला. आठ वर्षांनी दुरुस्ती.

इथेच एक सावधगिरी सांगायला हवी. हे सिंक दोन्ही बाजूंनी चालतं. फोनवर बदललं की सर्व्हरवर बदलतं, फोनवर पुसलं की तिथलंही जातं. आईने शब्द घातला ते चांगलंच झालं, पण घाईत बोट लागून एखादी नोंद उडाली तर ती सगळीकडून उडेल. म्हणून जी जुनी कॅलेंडरं फक्त वाचायची आहेत त्यांना या ॲपमधे फोर्स रीड-ओन्ली लावता येतं, प्रत्येक कॅलेंडरला वेगळं. आम्ही जुन्या फराळ कॅलेंडरला ते लावलं आणि यंदापासून 'फराळ नवे' वेगळं केलं. शिवाय ॲपलच्या प्रायव्हसीच्या साइटवरून आपल्या सगळ्या डेटाची प्रत मागवता येते, कॅलेंडरसकट, तीही मागवून ठेवलीय, त्याला ते आठवड्यापर्यंत वेळ लागू शकतो म्हणतात. दहा वर्षांचं लिखाण एकाच जागी ठेवायला मन धजत नाही.

ॲपबद्दल बाकीचं. रिमाइंडर येत नाहीत, म्हणजे आयफोनचं जे वेगळं रिमाइंडर ॲप असतं त्यातलं. २०१९ ला ॲपलने रिमाइंडरची पद्धत बदलली, तेव्हापासून ते या रस्त्याने मिळत नाहीत, त्यात ॲपचा दोष नाही. आईचं तिथे फारसं काही नव्हतं. दुसरं, काही फोनांमधे बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालणारी ॲपं बंद पाडतात, मग सिंक थांबतं आणि आपल्याला कळतही नाही. डॅव्हएक्स-फाइव्ह स्वतःच त्याची परवानगी मागतं, ती द्या, आणि फोनच्या सेटिंगमधेही बॅटरीचं बंधन काढून टाका. बॅटरी जास्त खातं असं अजून तरी जाणवलं नाही, कारण प्रत्येक वेळी ते सगळं उतरवत नाही, काय बदललंय तेवढंच विचारतं. पहिल्यांदाच काय तो वेळ लागतो.

शिकायला सोपं आहे का, तर नाही. माझ्यासारखीला जमलं पण आईला एकटीने जमलं नसतं. कॅल्डॅव्ह, यूआरएल, कलेक्शन असे शब्द सारखे समोर येतात. एकदा लावून दिलं की मात्र आईला ते ॲप उघडावंच लागत नाही, ती फक्त एटार बघते. घरातल्या कुणीतरी अर्धा तास शांतपणे बसून लावून द्यायची गोष्ट आहे ही, दुकानात काउंटरवर उभ्याउभ्या होणारी नाही.

ज्यांच्याकडे अजून आयफोनच आहे त्यांना या ॲपची गरजच नाही. सेटिंग्जमधे ॲप्स, त्यात कॅलेंडर, त्यात सिंक, तिथे दोन आठवडे, एक महिना, तीन महिने, सहा महिने असे पर्याय असतात आणि शेवटी ऑल इव्हेंट्स. ते निवडलं की झालं. फोन जुना असेल तर ॲप्स हा टप्पा नसतो, सेटिंग्जमधे सरळ कॅलेंडर दिसतं. माझ्या नणंदेला फोनवर सांगून हे दोन मिनिटांत झालं, तिचे सासऱ्यांच्या डायलिसिसच्या तारखा लिहिलेले महिने परत दिसायला लागले, डॉक्टर विचारत होते कधीपासून आठवड्याला तीन झालं ते.

गूगल कॅलेंडरवाल्यांनी आधी कॉम्प्युटरवर ब्राउझरमधे बघा, तिथे सगळं असतं. आणि कुणाकडे जुन्या नोंदींची आयसीएस फाइल असेल, म्हणजे दुसऱ्या अकाउंटमधून काढलेली, तर ती गूगल कॅलेंडरमधे घालायचं काम फोनवरच्या ॲपमधून होत नाही, कॉम्प्युटरवरच्या सेटिंग्जमधे इम्पोर्ट आहे तिथूनच करावं लागतं. मीही आधी हाच विचार केला होता, आयक्लाउडमधलं सगळं काढून गूगलमधे ओतायचं. पण मग दोन ठिकाणी दोन प्रती होतात, 'छोटी' हा शब्द एकीत असता आणि दुसरीत नसता, म्हणून नको म्हटलं.

पाचपैकी मी साडेचार देईन. अर्धा कापला तो पहिल्या तासाच्या अवघड शब्दांसाठी. जे काम करतं म्हणून सांगतं ते पूर्ण करतं, तुमचा डेटा स्वतःकडे नेत नाही, तुमच्या सर्व्हरवरून थेट तुमच्या फोनवर, मधे कुणी नाही, आणि किती जुनं हवं हे तुमच्या हातात सोडतं. आईच्या लिखाणासाठी मला हेच हवं होतं.

कालपासून ती एटारच्या सर्चमधे शब्द टाकून बघत बसलीये. 'भाजणी' टाकलं की सगळी वर्षं एकाखाली एक येतात. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०१८ ला ७ नोव्हेंबरला होतं, तेव्हा गिरणीत कधी गर्दी झाली, लोण्याचा भाव काय होता, चकलीचा सोऱ्या कधी तुटला, सगळं आहे त्यात. दर थोड्या वेळाने मला फोन करून वाचून दाखवते.

पहिली तीन वाणं रविवारी १७ तारखेला सकाळी जायचीयेत. या वेळी तांदूळ ७ ला नाही, १० ला भिजणार, पीठ दोनच दिवस बाहेर. भवानी पेठेतून गूळ आणायला मी उद्या जातेय.